कंपवात वाढला, की गोळी उतरली? घरी नोंद ठेवायची पद्धत

गणपतीला मुंबईहून दीर-नणंदा येतात आणि दारातच म्हणतात, "अण्णा केवढे उतरले गं!" मी रोज बघणारी. मला वाटत असतं, गेल्या वर्षीसारखेच तर आहेत. चुकतं दोघांचंही. वर्षातून एकदा बघणाऱ्याला एकदम उडी दिसते, रोज बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मग डॉक्टरांसमोर बसलो की सगळ्यांचं मिळून एकच वाक्य तयार होतं : "कंप वाढलाय." एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार? डोस वाढवतात.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पार्किन्सनचं (कंपवाताचं) निदान होऊन ११ वर्षं झाली. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. न्यूरॉलॉजिस्ट गाठायचा तर कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी नाहीतर मुंबई. सहा महिन्यांतून एकदा जाणं होतं आणि आत दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत खरी माहिती पोचावी म्हणून नोंद कशी ठेवायची, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी किती घ्यायची हे यात सापडणार नाही. गोळी घेतल्यावर काय होतं ते कसं बघायचं, एवढंच सापडेल.

आधी हे डोक्यात बसवा : तीन घड्याळं

या आजारात एकाच माणसावर तीन घड्याळं चालू असतात.

पहिलं वर्षांचं. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. हा खरा आजार, आणि तो महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांत भरेल इतका सहसा वाढत नाही.

दुसरं तासांचं. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं या आजारावरचं मुख्य औषध. त्याची गोळी चढते आणि उतरते. सुरुवातीची काही वर्षं हे चढणं-उतरणं जाणवतच नाही, कारण उरलेल्या पेशी डोपामिन साठवून पुरवून पुरवून वापरतात. ती साठवण कमी झाली की पुढची गोळी यायच्या आधीच माणूस जड होतो. चार-सहा वर्षांनंतर हे बऱ्याच जणांत दिसू लागतं.

तिसरं दिवसांचं. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, कमी पाणी, नवी गोळी, जागरण. चार दिवसांत माणूस आडवा होतो आणि घरचे म्हणतात, आजार शेवटाला आला.

आमच्या सगळ्या चुका एका घड्याळाची वेळ दुसऱ्यावर वाचल्याने झाल्या. पुढचे टप्पे आहेत ते ही घड्याळं वेगळी करण्यासाठी.

टप्पा १ : तयारी

फार काही लागत नाही. एक दोनशे पानी वही, ठळक आकड्यांचं घड्याळ, मोबाइल आणि रक्तदाब मोजायचं दंडावर बांधायचं यंत्र.

वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा. पहिलं लक्षण कुठल्या वर्षी आणि शरीराच्या कुठल्या बाजूला दिसलं. लेव्होडोपा कधी सुरू झाली. आता चालू असलेली प्रत्येक गोळी, मिलिग्रॅम आणि घड्याळातल्या वेळेसकट. आणि चौथं, जे सगळे विसरतात : गोळी म्हणून न मोजलं जाणारं सगळं. काढे, चूर्णं, ॲसिडिटीच्या कॅप्सूल, चक्कर येते म्हणून मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या.

"सकाळ-दुपार-रात्र" असं लिहू नका. या आजारात "दुपार" ही वेळ नव्हे. १२:०० लिहा किंवा १:३० लिहा.

पहिलं लक्षण आठवताना कंपाच्या मागे जा. आमचे अण्णा आंब्याच्या पेट्यांचा हिशोब स्वतः लिहायचे. निदानानंतर मी जुन्या वह्या काढून बसले. निदानाच्या तीन हंगाम आधीपासून अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेलेलं होतं. "पेट्या" हा शब्द डावीकडे मोठा, उजवीकडे मुंगीएवढा. त्याच्याही आधी घरात सुका बांगडा भाजला तरी त्यांना वास यायचा नाही, सगळ्या वाडीला यायचा. झोपेत ओरडायचे, हात झाडायचे, एकदा तर आईंना लाथ बसली. वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय मारणं, उगाच उदास होणं, एका बाजूचा खांदा आखडणं, ही लक्षणं कंपाच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. डॉक्टरांना ती सांगा, निदान पक्कं करायला मदत होते.

तपासा : वही एकाच माणसाच्या ताब्यात आहे ना? तिघे लिहितात तेव्हा कोणीच लिहीत नाही.

टप्पा २ : मूळ नोंद

ही नोंद एकदाच नीट करायची आणि मग दर सहा महिन्यांनी जशीच्या तशी परत करायची. पाच कामं. दिवस एकच, पण दोन वेळा : सकाळची पहिली गोळी घ्यायच्या आधी, आणि गोळी घेतल्यावर तासाभराने.

पहिलं, लिहिणं. कोऱ्या कागदावर एकच वाक्य चार वेळा. आमचं वाक्य आहे, "आज देवगडहून वाशीला पंचवीस पेट्या गेल्या." वाक्य कुठलंही चालेल, पण बदलायचं नाही. खाली तारीख आणि गोळीची वेळ.

दुसरं, चिमटी. अंगठा आणि तर्जनी जमतील तेवढी फाकवून दहा वेळा टेकवायची, एकेका हाताने वेगळी. वेगापेक्षा चिमटी शेवटी शेवटी लहान होत जाते का, मध्येच अडकते का, ते बघा.

तिसरं, हात छातीशी बांधून खुर्चीतून उठणं. कितव्या प्रयत्नात उठले ते लिहा.

चौथं, चालणं. आम्ही ओटीवरून तुळशीपर्यंत आणि परत असं ठरवलंय. वळताना किती पावलं लागली ती मोजा. निरोगी माणूस दोन-तीन पावलांत फिरतो. अण्णांना गेल्या वर्षी सात लागली. कुठला हात हलत नाही तेही लिहा.

पाचवं, आवाज. एक ते वीस आकडे नेहमीच्या आवाजात. शेवटाला आवाज गळतो का?

सगळ्याचं मोबाइलवर चित्रण करा. पाय दिसले पाहिजेत, मोबाइल उभा धरा, एकदा समोरून, एकदा बाजूने. आमची पहिल्या वर्षीची चित्रफीत अण्णांच्या चेहऱ्याचीच निघाली, पाय कुठेच नाहीत. चेहराही कामाचा असतो म्हणा, पापण्या कमी लवतात ते त्यात दिसतं. पण डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते पायांबद्दलच.

सावध : कंप हे सगळ्यात फसवं माप आहे. पाहुणे आले, कॅमेरा समोर धरला, कोणी घाई केली की हात जास्त थरथरतो. काहींना कंप कधीच येत नाही आणि तरी आजार पुढे जात असतो. ताठरपणा, मंदपणा आणि तोल यांच्या नोंदीला जास्त वजन द्या.

ही नोंद वाचायची कशी? गोळीआधीच्या आणि गोळीनंतरच्या चित्रफितीत जेवढं अंतर, तेवढं गोळीचं काम. वर्षांचं घड्याळ बघायचं असेल तर या वर्षीची गोळी चढलेली असतानाची चित्रफीत गेल्या वर्षीच्या तशाच चित्रफितीशेजारी ठेवा. गेल्या वर्षीची चढलेली आणि या वर्षीची उतरलेली अशी तुलना केलीत, तर घरभर रडारड होईल आणि कारण खोटं असेल.

टप्पा ३ : तीन दिवसांचा तासाचा तक्ता

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या आठवड्यात सलग तीन दिवस हा तक्ता भरा. वर्षभर भरायला जाऊ नका, पंधरा दिवसांत कंटाळा येतो आणि मग अंदाजाने आकडे पडतात.

खुणा चारच. "च" म्हणजे गोळी चढलेली, हालचाल मोकळी. "उ" म्हणजे उतरलेली, जड, पाय चिकटलेले. "ना" म्हणजे मान, खांदे, हात आपोआप लाटेसारखे हलतायत, नाचल्यासारखे. "झो" म्हणजे झोप. गोळी आणि जेवणाची वेळ शेजारी लिहायची. आमच्या वहीतला एक दिवस असा :

५:३० – उ. डाव्या पायाची बोटं आखडली, तेल चोळलं.
६:३० – गोळी. ७:१५ – च. चहा स्वतः घेतला.
८:०० – पेज आणि लोणचं. ९:३० – च.
१०:१५ – उ. न्हाणीत जाताना उंबरठ्याशी अडकले.
१०:३० – गोळी. ११:४० – ना, पंधरा-वीस मिनिटं. मग च.
१:०० – जेवण, बांगड्याचं तिखलं, भात. त्याबरोबरच गोळी.
२:१५ – अजून उ. ३:०० – च.
५:०० – उ.

या एका पानाने आमचा दोन वर्षांचा समज मोडला. दुपारनंतर अण्णा बसतात म्हणजे आजार वाढला, असं आम्ही धरून चाललो होतो. बसवत होता बांगडा. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दरवाजाने जातात. दोघं एकदम पोचली की गोळी बाहेर राहते. म्हणून गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास, किंवा जेवणानंतर तासाभराने. सकाळची पेज या हिशोबात बसते. कुळथाची पिठी बसत नाही, कुळीथ म्हणजे प्रथिनंच. ज्यांची गोळी अशी चढ-उतार करते, त्यांना मासळी रात्रीच्या जेवणात ठेवून फायदा होऊ शकतो. पण मासळी बंद करू नका. या आजारात वजन आधीच घटत असतं.

पहाटे बोटं आखडणं हेही उतरल्याचंच लक्षण, कारण रात्रभर गोळी नसते. आम्ही ते वर्षभर कॅल्शियमच्या खात्यात टाकलं होतं.

थांबा : "ना" आणि कंप वेगळे आहेत. कंप स्वस्थ ठेवलेल्या हातात, ठरावीक तालात, गोळी उतरल्यावर जास्त. "ना" बेताल, अंगभर लाटेसारखं, बहुतेक वेळा गोळी भरात असताना. पहिल्याला औषध कमी पडतंय, दुसऱ्याला जास्त होतंय. दोन्हींना "थरथरतात" म्हणून सांगितलंत तर डॉक्टर उलट्या दिशेने जातील.

मध्येच एक सांगते, कारण हे प्रत्येक घरात ऐकते. "लेव्होडोपा शेवटी घ्यायची, पाच वर्षांत तिचा असर संपतो." असर संपत नाही. आजार पुढे गेल्यामुळे ती चढलेली राहण्याची खिडकी अरुंद होते. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना गोळी लगेच, अर्ध्यांना ४० आठवड्यांनी सुरू केली. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. लवकर घेऊन आजार थांबला नाही, आणि बिघडलाही नाही. मग हातपाय चालत असताना उगाच कुढत बसायचं कशाला?

टप्पा ४ : वर्षांचं घड्याळ कुठे आहे ते बघणं

डॉक्टरांच्या कागदावर "एच अँड वाय २" असं काही दिसेल. ही होएन आणि यार यांनी १९६७ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. पहिल्या पायरीवर लक्षणं एकाच बाजूला. दुसऱ्यावर दोन्ही बाजूंना, पण तोल शाबूत. तिसऱ्यावर तोल जायला लागतो, माणूस आपलं आपण करतो. चौथ्यावर मदत लागते, तरी उभं राहता-चालता येतं. पाचव्यावर आधाराशिवाय खुर्ची किंवा अंथरूण.

या पायऱ्यांना वेळापत्रक नाही. दुसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षं राहणारे आहेत. कंप हेच मुख्य लक्षण असलेल्यांचा आजार बऱ्याचदा हळू जातो. तोल आणि चालण्यापासून सुरुवात झालेल्यांचा तुलनेने लवकर. शेजारच्या वाडीतल्या माणसाशी तुलना करून आपलं भविष्य वाचू नका.

पायरीत न दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या पानावर लिहा, दर तीन महिन्यांनी. शौचाला किती दिवसांनी होतं. रात्री लघवीला कितीदा उठतात. गिळताना ठसका लागतो का. वजन. झोप. मन कशात रमतं का. भास होतात का. पैशांचा हिशोब जमतो का. पुढच्या वर्षांत माणसाला आणि घराला जास्त त्रास याच गोष्टी देतात, आणि डॉक्टरांसमोर शेवटच्या मिनिटाला, उठता उठता त्यांची आठवण होते.

रक्तदाब असा मोजा : पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर लिहून डॉक्टरांना दाखवा. बसून मोजलेल्या दाबात हे सापडत नाही. ज्यांना आधीपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, त्यांनी तर हे मोजाच.

सावध : काही गोष्टी नेहमीच्या चालीत बसत नाहीत. पहिल्या तीन वर्षांतच वारंवार पडणं. पाच वर्षांच्या आत चाकाची खुर्ची. सुरुवातीपासून दोन्ही बाजू सारख्याच. पुरेशा डोसनेही फरक न पडणं. पहिल्या वर्षातच विसरभोळेपणा किंवा भास. यातलं काही असेल तर "आमचा आजार भराभर वाढतोय" असं म्हणू नका. "हा पार्किन्सनच आहे ना?" असं विचारा. त्यासारखे दिसणारे दुसरे आजार आहेत.

टप्पा ५ : चार दिवसांत खाली आले, तर आधी काय बघायचं

क्रम मोडू नका.

पहिल्यांदा गोळ्यांच्या पट्ट्या मोजा. पट्टीत जास्त उरल्या असतील तर गोळी चुकली आहे.

मग पोट. तीन-चार दिवस शौचाला झालं नसेल तर गोळी पुढे सरकतच नाही, असर उशिरा येतो किंवा येतच नाही.

मग ताप, खोकला, लघवीची जळजळ, लघवीचा वास. म्हाताऱ्या माणसात लघवीच्या संसर्गाला ताप असेलच असं नाही; नुसता गोंधळ आणि झोपाळूपणा असू शकतो.

मग पाणी. एप्रिल-मेच्या घामात अण्णा पाणी कमी पितात, कारण न्हाणीपर्यंत जायचा कंटाळा. दाब पडतो, चक्कर येते, आणि आम्ही ती आजारावर ढकलतो.

शेवटी गेल्या तीन महिन्यांत सुरू झालेली प्रत्येक नवी गोळी. हे शेवटी लिहिलं असलं तरी आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. अण्णांना ढेकर-जळजळ होत होती, तालुक्याला दाखवलं, एक कॅप्सूल मिळाली. महिनाभरात अण्णा जेवताना हात उचलेनात. आम्ही गाडी करून मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी वहीतलं पहिलं पान वाचलं आणि कॅप्सूलवर बोट ठेवलं. त्यात लेव्होसल्पिराइड होतं. ते मेंदूत डोपामिनची जागा अडवून बसतं. बंद केल्यावर पूर्ववत व्हायला दीड महिना गेला. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चकरेवरचं प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन, फ्लुनारिझिन, वेडसर बोलतात म्हणून दिलेलं हॅलोपेरिडॉल, सगळी त्याच जातीची. ही नावं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला दाखवा.

आणि खाजकुयली. आपल्याकडे कुंपणाला येते ती. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणून "नैसर्गिक आहे, चालू करा" असा सल्ला फुकट मिळतो. नैसर्गिक असली तरी ती लेव्होडोपाच आहे, आणि चमचाभर चूर्णात किती, ते तुम्हाला कळत नाही. चालू गोळीवर ती चढवली की अंग नाचतं, दाब पडतो, भास होतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

थांबा : पार्किन्सनच्या गोळ्या एकदम बंद कधीही करू नका, उपास असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन. अचानक थांबवल्यावर जोराचा ताप, लाकडासारखं कडक अंग आणि बरळणं सुरू झालं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. ऑपरेशनसाठी "रात्रीपासून काही देऊ नका" असं सांगितलं, की "या गोळीचं काय?" हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

टप्पा ६ : घर बदलायचा क्रम

कमोड, पलंग, वॉकर असं सगळं एकदम आणून ठेवतात आणि म्हातारा माणूस घाबरतो. नोंदीत जे दिसेल त्याच्या एक पाऊल पुढे राहा, दहा नाही.

वळायला पाचच्या वर पावलं लागायला लागली की न्हाणीत दांडी बसवा आणि रात्रीचा दिवा लावा. वळताना जागच्या जागी गिरकी नको; खळ्यात बैल फिरतो तसा मोठा फेरा घ्यायला शिकवा. पाय चिकटायला लागले की उंबरठ्याच्या अलीकडे पावलाच्या अंतराने पांढऱ्या पट्ट्या रंगवा. पट्टी ओलांडायची म्हटलं की अडकलेला पाय सुटतो. सपाट जमिनीवर "चला, चला" म्हणून सुटत नाही. ओढून तर कधीच नाही. आईंनी हात धरून ओढलं आणि दोघंही पडवीत पडली.

पावसाळ्याआधी जांभ्याच्या पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून घासा. जून ते सप्टेंबर पाखाडीने एकट्याने जाणं बंद. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. चार पायांचा उचलून ठेवायचा वॉकर अडकणाऱ्या पायांना कधी कधी उलटा पडतो, म्हणून विकत घ्यायच्या आधी फिजिओथेरपिस्टसमोर चालवून बघा.

औषधं महिन्याभराची जास्तीची ठेवा. घाट बंद, वीज नाही, तालुक्यात साठा नाही, हे तिन्ही एकाच आठवड्यात झालेलं आम्ही बघितलंय. पट्टीतून गोळ्या काढून डबीत भरून ठेवू नका, दमट हवेत त्या खराब होतात. आणि गणपतीत, शिमग्यात गोळीची वेळ मोबाइलच्या घंटेवर लावा. आरती चालू असताना १०:३० कोणाला आठवतात?

टप्पा ७ : डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं

वही घेऊन जा, पण डॉक्टरांना वही देऊ नका. एका पानावर उतरवा. वर तीन दिवसांच्या तक्त्याचा सार : दिवसातून किती तास "उ", किती "ना", गोळीनंतर किती वेळाने चढते, किती वेळ टिकते. खाली चालू औषधं वेळेसकट. त्याखाली फक्त तीन प्रश्न, महत्त्वाच्या क्रमाने. चौथा प्रश्न पुढच्या वेळी.

प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ पाळा. गाडी लेट होते, तेव्हा गोळी आणि पाणी पर्समध्ये ठेवा, वरच्या बॅगेत नाही. दवाखान्यात शिरताना अण्णा हमखास टवटवीत होतात. नव्या जागेचा, डॉक्टरांचा हुरूप असतो. "हे तर छान चालतात!" असं डॉक्टर म्हणाले की उतरलेल्या वेळची चित्रफीत काढून दाखवा.

प्रश्न विचारताना रुग्णाला बाहेर बसवू नका. पण एक गोष्ट मात्र वेगळी विचारावी लागते. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सनवरच्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर जुगार, लॉटरी, नको ती खरेदी, नको तेवढं खाणं, लैंगिक हट्ट असं काही अचानक सुरू झालंय का? गोळीमुळे होऊ शकतं आणि गोळी बदलली की जातंही. लाजेपोटी घरं वर्षभर गप्प बसतात.

जाताना अपंगत्वाच्या दाखल्याचंही विचारून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे. निदानाचे कागद नीट लावलेले असतील तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा कमी होतात.

टप्पा ८ : पुढच्या वर्षांतल्या नोंदी

इथे वही बदलते. चिमटी आणि अक्षर मागे पडतं. गिळणं, भास आणि झोप पुढे येतात.

पातळ पदार्थावर ठसका लागतो आणि भातावर लागत नाही, हे नीट बघून लिहा. जेवताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, घास लहान, बोलणं बंद, आणि गोळी चढलेली असतानाच जेवण. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारात माणूस दगावण्याचं मोठं कारण आहे. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल तर लगेच सांगा.

भास आमच्याकडे असे सुरू झाले : "ओटीवर कोण बसलंहा?" संध्याकाळी, रोज, एकच माणूस, काही न बोलणारा. वाडीत लगेच बाहेरचं असल्याची चर्चा. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, आम्हीही घातलं, पण फोन आधी डॉक्टरांना करा. आजार पुढे गेल्यावर आणि गोळ्यांमुळेही असे भास होतात, आणि नवीन वाढवलेली गोळी कोणती, हे वहीत असलं की कारण सापडतं. कंपासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल म्हाताऱ्या माणसात गोंधळ वाढवते. ती चालू असेल तर नावाने विचारा. भास होत असताना वाद घालू नका, दिवा लावा.

तपासा : वही लिहिणाऱ्याची झोप किती तास होते? हे पान मी दोन वर्षं कोरं ठेवलं होतं. गणपतीत आलेल्या दिरांना "अण्णा उतरले" म्हणायची मुभा आहे, पण त्याबरोबर रात्रीची एक पाळीही त्यांच्याकडे. दहा दिवसांत त्यांना तक्ता भरता यायला लागला.

वार्षिक चित्रण आम्ही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी करतो, सगळे असताना, दोन्ही वेळचं. जुन्या चित्रफिती रुग्णाला दाखवायच्या का, हे त्यालाच विचारा. अण्णांनी दोन वर्षं मान हलवून नको म्हटलं. तिसऱ्या वर्षी बघितल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "ह्यो जुनो चष्मोच बरो होतो."